धुराले वाट देजो, वं!

"कोणाच्या घरी टायर जयून रायलं वं बाई, सकाय सकाय?"

काकूंचा प्रश्न कुंपणावरून आला तेव्हा मी दोरीवर कपडे टाकत होते. वास मलाही आला होता. पण वास येणं आणि त्याची चौकशी सुरू करणं यात जो मधला टप्पा असतो, तो काकू कधी घेत नाहीत. आमच्या दोघींच्या सांदवाड्यांमधलं कुंपण म्हणजे पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, कूड. दर दिवाळीनंतर तो नवा बांधायचं ठरतं आणि दर वर्षी जुन्यालाच चार काड्या खोचून भागवलं जातं. त्यात मध्येच एक खिंडार पडलेलं आहे. बाभुळगावात पेपर यवतमाळवरून येतो. त्याच्या आधीची ताजी आवृत्ती या खिंडारातून निघते.

"मागच्या गल्लीतून येतोय," मी म्हटलं. "तिथं एका घरी बंब सुरू झालाय ना."

"बंब? अन् मले कोणी सांगतलं नाई?"

आपल्याला न कळवता गल्लीत बंब पेटावा, हे काकूंना लागलंच. मग मी सगळं सविस्तर सांगितलं. त्या घरच्या बाईंच्या सासऱ्यांच्या काळचा तांब्याचा बंब माळ्यावर पडून होता. मोडीत घालायला काढला, तर मोडवाल्यानं सांगितलेला तांब्याचा भाव ऐकून धाकट्या मुलानं बेतच बदलला. जी वस्तू मोडीतही एवढ्याला जाते ती वापरायला किती चांगली असेल, असा त्याचा हिशेब. चिंच-मिठानं घासून लखलखीत केला, मोबाइलवर फोटो टाकला, आणि आता रोज सकाळी पेटवतो. पेटवायला मात्र टायरचा तुकडा.

"पेटवाले सोपं जाते म्हून," काकू म्हणाल्या. "आयशी लोकं! अन् तो धूर कुठी जाते?"

"बंबाच्या नळीतून वर जातो."

"नळीतून वर, अन् वरून तुह्या नाकात, माह्या नाकात. वाटणी बरोबर हाये."

बंब न पाहिलेली पिढी आता घरोघर आहे, म्हणून थोडं सांगते. तांब्याचा उभा पिंप. त्याच्या पोटातून थेट वरपर्यंत गेलेली एक नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीवर इस्तो म्हणजे विस्तव, जाळीखाली राख पडायची जागा. पाणी नळीच्या भोवती. धूर वर जाता जाता आपली ऊब पाण्याला देऊन जातो, म्हणून थोड्या लाकडात पुष्कळ पाणी तापतं. रशियातल्या समोवाराची रचना हीच. तिथं ती चहासाठी, आपल्याकडे आंघोळीसाठी. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब हातानं ठोकून घडवत. आमच्या वऱ्हाडात बहुतेकांचं पाणी चुलीवर, गंजात तापतं. बंब म्हणजे बऱ्या घरची वस्तू.

"बनवणाऱ्यानं डोकं लावलं," काकू म्हणाल्या, "पण पेटवणाऱ्यानं बी लावलं पायजे ना. रबर काय, जुन्या चपला काय, ठिबकच्या फाटक्या नया काय, जे हाती लागलं ते कोंबतेत. आमच्या वावरातल्या गड्यानं एकडाव फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा चुलीत घातलता. म्या चिमट्यानं बाहेर काढला अन् त्याले असं झाडलं, असं झाडलं!"

हे झाडणं योग्यच. आपल्या जिल्ह्यानं 2017 साल पाहिलेलं आहे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले, आणि शेकडोंना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती व्हावं लागलं. अंगावर उडालेलं औषध माणूस मारू शकतं, तर डब्याच्या तळाशी उरलेलं औषध चुलीत जळून धुरातून छातीत गेल्यावर काय करील, हे समजायला शास्त्रज्ञ लागत नाही. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे यांचंही तेच. त्यातला रंग आणि गोंद धुरातून घरातच फिरतो.

एवढ्यात कोपऱ्यावरच्या वयनी दुधाची कॅन घेऊन जाताना दिसल्या. काकूंनी त्यांना हाक मारलीच. खिंडाराशी तिसरी बाई उभी राहिली की ती सभा होते.

"वयनी, तुमच्याकडे काय टाकून पेटवता वो?"

वयनी जरा घुटमळल्या. "काय सांगू काकू. राशनचं रॉकेल बंद झालं तवापासून ह्ये गाडीतलं थोडं पेट्रोल..."

"अवं माय!" काकूंनी कपाळाला हात लावला. "चुलीत पेट्रोल? घर हाये का भट्टी?"

पेट्रोलचा त्रास असा की ते जागच्या जागी जळत नाही. ओतल्याबरोबर त्याची वाफ चुलीभोवती पसरते, आणि काडी ओढली की भडका चुलीत नाही, हवेत उडतो. बाटली हातात असेल तर बाटलीपर्यंत येतो. रॉकेल त्या मानानं सोसणारं होतं, तरी तेही विझत आलेल्या निखाऱ्यावर ओतून किती बायका भाजल्या ते यवतमाळच्या दवाखान्यात विचारा.

"मी सांगतो कसं पेटवाचं ते," काकू म्हणाल्या. "वेचून झालेल्या पऱ्हाटीचे वायले बोंडं मुठभर घे. त्याच्यावर तुऱ्हाटीच्या बारीक काड्या, अशा आडव्या-उभ्या, हवा जाईन अशा. त्याच्यावर गवरीचा तुकडा. खालून काडी लाव अन् गुमान बस. मोठं लाकूड मागून. पह्यलेच खोड कोंबलं तं धूरच होईन, अन् मंग माणसाले पेट्रोल आठोते."

लाकडाच्या बाबतीत काकूंचा अधिकार मोठा. बाभूळ, लिंब, बोर, हिवर ही सगळी लाकडं त्यांना जळण्याच्या स्वभावावरून ओळखता येतात. बाभूळ जड, पेटायला वेळ लावते, पण पेटली की निखारा दाट आणि टिकाऊ. पऱ्हाटी-तुऱ्हाटी भरभर जळून जाते. बंबाला ती सारखी घालावी लागते, आणि कोणी एकदम मोळीभर घातली तर ज्वाळा नळीच्या वर डोकावते. लाकूड वाळलं की नाही हे काकू दोन ओंडके एकमेकांवर आपटून ठरवतात. खणखणीत वाजलं तर वाळलं. भद्द आवाज आला तर अजून ओल आहे. जळताना टोकाला फेस आला, सूं-सूं आवाज झाला, की ते लाकूड चुलीत यायच्या लायकीचं नव्हतंच.

"ओलं लाकूड जायणं म्हंजे पाणी जायणं," त्या म्हणाल्या. "अर्धा इस्तो तं त्या लाकडाचं पाणी वायवण्यातच जाते. तुह्या आंघोयीचं पाणी मंग कवा तापन?"

खरंच आहे ते. ओल्या लाकडाचा जाळ मंद, धूर थंड आणि जड. थंड धूर नळीतून नीट वर चढत नाही. वाटेत नळीला चिकटतो आणि त्याचं डांबरासारखं काळं कीट होतं. उन्हाळ्यात तोडून, चिरून, छपराखाली सहा-आठ महिने हवेशीर रचलेलं लाकूड हिवाळ्यात जाळावं, हा साधा हिशेब. चिरलेलं हे महत्त्वाचं. साल न काढलेलं अखंड खोड वर्षभर ठेवलं तरी आतून ओलं राहतं.

"आमच्याकडे पऱ्हाटीची गंजी हाये मोठी," वयनी म्हणाल्या. "भिंतीले लागूनच हाये. घ्यायले बरी पडते."

"भिंतीले लागून?" आता मी बोलले. शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे मला एखाद्या विषयाची सुरुवात झालेली दिसली की राहवत नाही. गंजी घराला लागून म्हणजे ठिणगीला आमंत्रण. शिवाय गंजीत उंदीर येतात, उंदरामागे साप येतो. पहाटेच्या अंधारात हात घालून काड्या ओढताना विंचू डसल्याची, मण्यार चावल्याची बातमी ऐकू येते. पायात चप्पल, हातात बॅटरी, आणि आधी काठीनं दोन टोले: एवढं केल्याशिवाय गंजीला हात लावू नये.

आणि एक तिसरी गोष्ट, ती कृषी विभागाचे लोक 2017 च्या बोंडअळीनंतर दर वर्षी सांगतात. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या, न उमललेल्या बोंडांत दबा धरून बसते. गंजी उन्हाळाभर वावराच्या धुऱ्यावर किंवा घरामागे पडून राहिली की पावसाळ्यात तिथूनच नव्या कपाशीवर पतंग जातात. म्हणून ते म्हणतात, पऱ्हाट्या साठवू नका, बारीक करून मातीत घाला.

"बारीक करून मातीत घाला," काकूंनी नक्कल केली. "अन् चुलीत काय घालावं? त्याईचे कागदं?"

हे उत्तर मला नेहमी अडवतं. गॅस आहे, उज्ज्वला योजना 2016 च्या मे महिन्यात सुरू झाली आणि वयनींकडेही त्यातलाच सिलिंडर आला. पण चहा, पोळी, भाजी त्याच्यावर होते. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी त्याच्यावर तापवलं तर सिलिंडर महिनाही पुरत नाही. पऱ्हाटी फुकट आहे, म्हणून पाणी चुलीवरच तापणार. तेव्हा मधला मार्ग काकूंनीच काढला: किडकी बोंडं आधी खुडून पेटवणातच संपवायची, आणि उरलेली गंजी मृगाच्या आत जाळून मोकळं व्हायचं. कृषी सहायकाला हे कितपत पटेल माहीत नाही, पण गंजी पावसाळ्यापर्यंत ठेवण्यापेक्षा हे नक्कीच बरं.

"जातो वो काकू मी," वयनी म्हणाल्या. "पोरगी बाळंतीण हाये ना घरी. दोन दिवसापासून तिचं डोकं ठणकून रायलं. मळमळते म्हणते. माह्या सासूचं बी डोकं दुखते. म्हातारी म्हणते दृष्ट लागली. काल मिरच्या ओवायल्या."

काकू एकदम गप्प झाल्या. मग त्यांनी विचारलं, "शेगडी कुठी ठेवता?"

"खाटेखाली. बाळंतिणीले शेक लागते ना."

"अन् खिडकी?"

"खिडकी लावूनच घेतो. ह्या थंडीत वारा लागन लेकराले. दारालेबी फडकं कोंबलं खालून."

"मिरच्या कुठी टाकल्या ओवायून?"

"त्याच शेगडीत."

मी आणि काकू एकमेकींकडे पाहत राहिलो. मग मी वयनींना कुंपणाच्या जवळ बोलावलं आणि शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. शेगडीतल्या निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून आपल्याला वाटतं यात काही धोका नाही. पण बंद खोलीत कोळसा धुमसत असला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासातून तो रक्तात जातो आणि रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. मग माणूस श्वास घेतो, छाती हलते, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, चक्कर, मग झोप येते. आणि त्या झोपेतून उठवायला कोणी नसलं तर माणूस उठत नाही.

"तुम्हीच सांगा," मी विचारलं, "पोरीचं डोकं ओसरीत येऊन बसल्यावर कमी होतं का?"

वयनी थोडा वेळ आठवत राहिल्या. "होते वो. काल दुपारी अंगणात उन्हात बसली होती, तवा बरी होती. रातच्याले खोलीत गेली की पुन्हा."

हीच त्याची खूण. एकाच खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखतं, आणि बाहेर आल्यावर सगळ्यांचं उतरतं. दृष्ट असती तर ती दार पाहून थांबली नसती.

"अन् लेकरू?" वयनींचा आवाज बदलला होता.

"लेकराले आज, आत्ताच दवाखान्यात दाखोव," काकू म्हणाल्या. "पोरीले बी. पह्यले जा, खिडकी उघड, शेगडी अंगणात काढ. म्हातारी काही म्हणो. म्हणावं काकूनं सांगतलं."

वयनी दुधाची कॅन कुंपणाशीच ठेवून गेल्या.

बाळंतिणीला शेक देऊच नये असं कोणी म्हणत नाही. निखारे ओसरीवर ठेवावेत, त्यावर कापड किंवा वीट तापवावी, आणि ती आत न्यावी. गरम पाण्याची पिशवी असेल तर आणखी सोपं. खोलीत शेगडी न्यायचीच झाली तर दार-खिडकी उघडी, घरातलं माणूस जागं, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर. कोणी बेशुद्ध सापडलंच तर आधी दारं सताड उघडायची, माणसाला उचलून मोकळ्या हवेत आणायचं, आणि 108 ला फोन करायचा. बंद न्हाणीत लावलेल्या गॅसच्या गीझरचंही हेच. बंब न्हाणीच्या आत ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

"पूर्वी असं होत नव्हतं वं," काकू म्हणाल्या. वयनी गेल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "माह्या सासूनं किती बाळंतपणं केली. खाटेखाली शेगडी असेच. काही झालं नाई."

"तेव्हा घरावर कवेलू होते, काकू."

काकूंना हे लगेच कळलं. कवेलूच्या घरात भिंतीच्या वर आणि कवेलूंच्या फटीतून चारी बाजूंनी हवा वाहत असायची. धूर साठायचा खरा, छताचे वासे काळे व्हायचे, पण कोंडून राहायचा नाही. आता घरकुलं झाली, स्लॅब पडला, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. घर पक्कं झालं, थंडी-पाऊस अडला, आणि त्याबरोबर धूरही अडला. घर बदललं, पण चूल जुनीच आत आली. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत चुलीचा धोका वाढला तो यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 2020 मध्ये घरातल्या चुलीच्या धुरामुळे जगात सुमारे 32 लाख माणसं मेली. त्यात चुलीशी जास्त वेळ कोण बसतं हे वेगळं सांगायला नको.

"मंग त्या बिनधुराच्या चुली आल्या होत्या ना," काकू म्हणाल्या. "सरकारी. आमच्याकडे बी एक होती. तिची सिमेंटची नई आता त्या तिकडे पाय, वालाचा वेल चढोला तिच्यावर."

ती नळी मी रोज पाहते. देशभर सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 च्या सुमाराला सुरू झाला आणि 2002 मध्ये बंद झाला. चूल घरात बसवून दिली जायची, फोटो निघायचा, आकडा वर जायचा. नळीत काजळी साठली की ती काढायची कशी, कोणी आणि कधी, हे सांगायला पुन्हा कोणी आलं नाही. नळी तुंबली, धूर मागे फिरला, आणि बायकांनी चूल फोडून पुन्हा तीन दगड मांडले. लोकांना नवं आवडत नाही, असं त्या वेळी कोणी कोणी म्हटलं. बायकांना धूर आवडतो असा त्याचा अर्थ होतो, तो त्यांनी पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणून पाहावा.

आणि बिनधुराच्या चुलीचा विचार काही दिल्लीतून आलेला नव्हता. वर्धा आपल्याला शेजारचा जिल्हा. तिथल्या मगनवाडीत 1934 मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला, कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. तेलघाणी, कागद, गूळ, मधमाश्या यांच्याबरोबर तिथं धूर बाहेर नेणारी मातीची चूलही घडवली गेली. तिला मगन चूल म्हणतात. घरच्या मातीची, घरच्याच बाईनं लिंपायची, म्हणून तिची दुरुस्तीही तिच्याच हातात होती. पुढे पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या 'आरती' या संस्थेनंही सुधारित चुलींवर पुष्कळ काम केलं. चांगली चूल कोणाला सुचली नाही असं नाही. नळी पुसायचं काम कोणाचं, हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

"माहा भाचा कॅनडात हाये ना," काकू म्हणाल्या. काकूंच्या भाच्याचा उल्लेख आला की सभा लांबते, पण या वेळी उपयोगाचा निघाला. "त्याच्या घरात खाली तळघरात लाकडाची भट्टी हाये. फर्नेस म्हणते तो. तिथं लाकूड जयते अन् गरम हवा नयांतून खोल्याखोल्यात जाते. बाहेर बरफ, अन् हे घरात बनियनवर. मी म्हटलं, धूर? तं म्हणे मामी, दर वर्षी धुराडं साफ कराले माणूस येते, तपासते, कागद देते. विमा कंपनी तो कागद मागते. अन् छताले एक डबी लावली हाये, तो बिनवासाचा वायू जमला की ते डबी ठणाणा करते."

"मग तुमच्या घरात कोण ठणाणा करणार?"

"मीच," काकू म्हणाल्या. आणि ते अगदी खरं आहे.

मग आम्ही त्यांच्या घरच्या नळीचा विषय काढला. काकूंच्या न्हाणीबाहेरच्या चुलीवर टिनाची नळी आहे, टिनाच्या छपरातून वर काढलेली. नळी छपराच्या सगळ्यात उंच भागाच्याही हात-दीड हात वर गेलेली पाहिजे, नाहीतर वारा फिरला की धूर खाली येतो. लाकडी वाशापासून ती हातभर लांब हवी. वाकणं जितकी कमी तितका ओढा चांगला. वर पावसाची टोपी, आणि टोपीखाली जाळी, कारण उन्हाळ्यात नळी थंड असताना साळुंक्या आत घरटं करतात आणि पहिल्या थंडीला पेटवलं की घरभर धूर. नळीच्या आत गव्हाच्या दाण्याएवढा काजळीचा थर जमला की साफ करायची वेळ झाली. काकूंकडे यासाठी ब्रश नाही. त्या दोरीला बाभळीची काटेरी फांदी बांधून नळीतून वर-खाली ओढतात. इतकं खरवडणारा ब्रश कॅनडातही मिळत नसेल.

"अन् नईच पेटली तं?" काकूंनी विचारलं. "त्या धामणगाव रोडवरच्या ढाब्यावर पेटली होती म्हणे. घर्रर्र आवाज येत होता."

काजळीला आग लागली की असाच आवाज येतो. पाणी ओतायचं नाही. तापलेली नळी फुटते आणि वाफेनं माणूस भाजतो. चुलीचं तोंड टिनाच्या पत्र्यानं झाकायचं, निखाऱ्यांवर राख टाकून दाबायचं, हवा तोडायची, घरातली माणसं बाहेर काढायची, आणि मोठी आग असेल तर अग्निशमन दलाला फोन.

मागच्या गल्लीतल्या बंबाचा विषय अजून बाकीच होता. तिथला धाकटा मुलगा तोटीतून शेवटचं पाणी काढून घेतो आणि निखारे तसेच ठेवून कॉलेजला जातो, हे काकूंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली झाडणी खाली ठेवली. बंबात पाणी नसताना खाली इस्तो असला की जोडावरचा झाळ वितळतो. त्याहून वाईट म्हणजे रिकामा, तापलेला बंब पाहून कोणी घाईनं वरून गार पाणी ओतलं तर एकदम वाफ उसळते आणि ती थेट तोंडावर येते. नियम असा की जेवढं पाणी काढलं तेवढं आधी ओतायचं, मग दुसऱ्याला आंघोळीला बोलवायचं. शेवटची आंघोळ करणाऱ्यानं निखारे ओढून काढायचे. आणि बंबाचं झाकण किंवा पाणी ओतायचं तोंड कधीही घट्ट बंद करायचं नाही, फडकं कोंबायचं नाही. वाफ बाहेर पडायला जागा नसली तर तो बंब राहत नाही, बॉम्ब होतो. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्यानं आत पांढरी खपली जमते. तीही अधूनमधून चिंचेच्या पाण्यानं काढावी, नाहीतर लाकूड जास्त जळतं आणि तांबं एका जागी तापून झिजतं.

राखेचं थोडक्यात सांगते. राख वरून थंड दिसते, आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत असतो. टोपल्यात, पोत्यात, प्लॅस्टिकच्या घमेल्यात भरू नये. झाकणाच्या टिनाच्या डब्यात भरावी. कुटाराच्या ढिगाजवळ तर कधीच नाही. वाऱ्याच्या दिवशी एक ठिणगी पुरते, आणि मग जनावरांचा वर्षाचा चारा जातो.

आणि भाजलं तर टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काही नाही. साध्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, बर्फ नाही, मग स्वच्छ सुती कापड, आणि दवाखाना. चुलीजवळ नायलॉनचा गाऊन घालून बसू नये, पदर खोचून घ्यावा. लेकरांच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलटं केलं तर मधल्या क्षणात लेकरू हात घालतंच.

उन्हं वर आली तशी वयनींची पोरगी बाळाला घेऊन ऑटोत बसताना कोपऱ्यावर दिसली. सोबत म्हातारीही होती, डोक्यावर पदर घेऊन, चेहऱ्यावर तीव्र नाराजी. दवाखान्यात डॉक्टरांनी काय सांगितलं ते संध्याकाळच्या आवृत्तीत येईलच. पण शेगडी ओसरीवर आली होती, आणि खोलीची खिडकी उघडी होती. ते काकूंनी टाच उंचावून स्वतः पाहून घेतलं.

"त्या पोट्ट्याले सांगायले मी जातो," काकू म्हणाल्या. "टायरचं बी सांगतो, झाळाचं बी सांगतो."

"चांगल्या शब्दांत सांगा, काकू."

"पह्यले चांगल्या शब्दात. मंग पाहू."

तर मंडळी, रविवारी सकाळी काकूंची नळी उतरवून साफ करायची आहे. शिडी आमच्याकडे आहे, बाभळीची फांदी काकूंकडे. ज्यांच्या घरची नळी दोन हिवाळ्यांत साफ झालेली नाही त्यांनी शनिवारपर्यंत कुंपणाशी येऊन सांगावं. शिडी उचलायला एक माणूस तेवढा सोबत आणावा.